पान अकरावरचा किरटा

२ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी साडेपाचला संस्थेच्या संचालकांना ‘बरं’ म्हणाले, त्यानंतर आज संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघाला नव्हता. मघाशी ताईचा फोन आला, तर ‘हॅलो’ म्हणताना घसा इतका खरखरला की तिला वाटलं मला सर्दी झालीय. बोलायला कोणी नाही तर निदान लिहावं, म्हणून ही वही.

निवृत्तीला सत्त्याऐंशी दिवस राहिलेत. त्याआधी एक काम पुरं करून द्यायचंय: वाळक्या फांद्यांवर बुरशी खाऊन राहणाऱ्या फुलकिड्यांचा ओळखतक्ता. नावाला फुलकिडे, पण माझ्या या मंडळींनी उभ्या जन्मात फुलाचं तोंड पाहिलेलं नसतं. मेलेली फांदी, तिच्यावरची बुरशी, तिथेच जन्म आणि तिथेच मरण. आकाराने छापील स्वल्पविरामाएवढे. ताई म्हणते, ‘तेहतीस वर्षं स्वल्पविराम मोजलेस, आता पूर्णविराम दे.’ ताईला विनोद जमला की ती तो तीनदा सांगते.

तक्त्यात प्रत्येक पायरीवर दोन वाटा असतात. मिशीच्या चौथ्या पेरावर वास घेणारे शंकू तीन असतील तर इकडे जा, चार असतील तर तिकडे. असं करत करत शेवटी एकच नाव उरतं. तेरा पायऱ्या झाल्यात.

५ फेब्रुवारी

चौदाव्या पायरीवर घोडं अडलंय. इथे दोन जाती वेगळ्या करायच्यात. एक दांडगा: नर पाच मिलिमीटर, पुढच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या, पंज्यावर मोठा दात. दुसरा किरटा: नर जेमतेम तीन, मांड्या काटकुळ्या, दात असून नसल्यासारखा. ही टोपणनावं माझी. खरी नावं लॅटिन आणि लांबलचक. दोन्ही सरांनी एकतीस वर्षांपूर्वी, मी त्यांच्या हाताखाली सहायक असताना, एकाच लेखात दिली. दांडग्याला दिलं वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं नाव. पान नऊ. किरट्याला माझं. पान अकरा.

वहिनींच्या नावाने तो पैलवान, हे आठवून मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात हसत आलेय. मी काही फार चांगली बाई नाही.

इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहून टाकते. जगात माझं नाव असलेली ही एकच गोष्ट आहे. दारावरची पाटी अजून बाबांच्या नावाची. ऑफिसात मी ‘मॅडम’, ताईची ‘बारके’. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. पण एक किडा आहे माझ्या नावाचा, आणि मी गेले तरी तो राहणार.

तर अडचण ही की ‘मोठा असेल तर हा, लहान असेल तर तो’ असं तक्त्यात चालत नाही. लांबीशी संबंध नसलेलं काहीतरी वेगळं दाखवावं लागतं. दिवसभर शोधलं, सापडलं नाही.

८ फेब्रुवारी

शनिवार असूनही गेले. मूळ स्लाइड काढल्या, ज्यांच्यावरून सरांनी या जाती ठरवल्या त्या. मिशांवरचे शंकू सारखेच. केसांची टोकं सारखीच. तोंडातल्या सुया तितक्याच जाड. पोटाच्या पहिल्या वलयावर एक पट्टी असते, टोपीसारखी, ती बहुतेक जातींत आपापल्या घाटाची असते. इथे दोन्हींची टोपी हुबेहूब एकच. डोळे थकले असतील. साठीला आलेय.

या स्लाइड मीच केलेल्या. फांदी मीच झटकली होती, किडे मीच कॉस्टिक सोड्यात स्वच्छ केले, लवंगेच्या तेलातून काढून राळेत मीच बसवले. चित्रंही माझीच, चव्वेचाळीस. लेखाची टाइप केलेली प्रत पहिल्यांदा पाहिली तेव्हा वर लेखक म्हणून एकट्या सरांचं नाव होतं. साहजिकच आहे, मी साधी सहायक. त्याच दिवशी नेमका मला ताप भरला आणि चार दिवस मी घरी होते. पाचव्या दिवशी गेले तर सर म्हणाले, ‘पान अकरा बघ.’ नवं टाइप केलेलं पान होतं आणि त्यावर लॅटिन शेपूट लावलेलं माझं नाव. किरट्याचे नर दोनच, मादी मिळालेली नाही, असं खाली लिहिलेलं. मी वाचत होते तेव्हा सर खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. माणूस लाजाळू. काही लोकांना तोंडाने सांगता येत नाही, ते असं सांगतात.

त्यानंतर मी कुठल्याही स्थळाला होकार दिला नाही. ताईला कारण कधी कळलं नाही. सरांनीही पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही त्यांना अवघडवलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला ये म्हणते. बघू म्हटलं. ‘किडे काय म्हातारपणी पाणी देणार आहेत?’ असं म्हणाली. मी चिडून फोन ठेवला. मग दिवसभर वाटत राहिलं, परत करावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

संस्थेच्या मागच्या आवारात एक मोडकी फांदी लोंबतेय, सुकलेली पानं अजून तिला चिकटून. सुट्टीचा दिवस, चिटपाखरू नव्हतं. पांढरा ट्रे खाली धरला आणि काठीने झटकली. दांडगे! मोजले तर एकतीस नर, आणि त्यांच्यात किरटेही. एकतीस वर्षांत किरटा कोणालाच पुन्हा सापडला नव्हता.

एका पानावर दोन दांडगे एका मादीवरून जुंपले होते. शेपटीचे फटके, नुसती धुमश्चक्री. ते दोघं असे गुंतलेले असताना तिसरा, एक किरटा, हळूच मागून मादीपाशी पोचलासुद्धा. मी एकटीच मोठ्याने हसले. मग हसू आपोआप थांबलं. मादी दांडग्याची होती. माझ्या किरट्याचं तिच्यापाशी काय काम?

१९ फेब्रुवारी

एकतीसही नर मोजले. आलेखाच्या कागदावर आडवी मांडीची जाडी, उभी छातीची लांबी. दोन जाती असत्या तर ठिपक्यांचे दोन घोळके पडायला हवे होते, मध्ये मोकळी जागा. पडली ती एकच रांग, खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यापर्यंत, कुठेही न तुटता. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. रांग तशीच.

दांडगा आणि किरटा एकच आहेत. म्हणजे बहुतेक. म्हणजे अजून पुरावा हवा.

२० फेब्रुवारी

काही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुरावा हवाच ना, मग घेते. अंडी घातलेली एकच मादी निवडली. पिल्लं निघाली की अर्धी एका बरणीत ठेवायची, तिथे बुरशीने माखलेली पानं. उरलेली दुसऱ्या बरणीत, तिथे पानं पुसून घेतलेली, बुरशी नावापुरती. एकाच आईची पोरं, खाणं मात्र वेगळं. महिनाभर लागेल.

दुसऱ्या बरणीवर ‘कमी’ अशी चिठ्ठी लावताना उगाच अपराध्यासारखं वाटलं. किड्यांची माफी मागणारी मी जगात पहिलीच असेन.

४ मार्च

सरांना फोन केला. चार वर्षांत आवाज ऐकला नव्हता. मध्ये वहिनींचं एक पत्र आलं होतं की ह्यांना आता आठवत नाही फारसं. म्हातारपणी सगळेच विसरतात, असं धरून चालले होते. सरांनीच उचलला. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘मीटर बाहेरच्या बाजूला आहे, बघून घ्या.’ आणि ठेवला. आवाज तोच होता, स्वच्छ. आज त्यांना बरं नसेल.

१७ मार्च

संचालक खाली आले. माणूस वाईट नाही, फक्त कपाटांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत रिकामी खोली दिसते. तक्ता होतोय ना, म्हणून विचारलं. मी चौदावी पायरी त्यांच्यासमोर लिहून टाकली: ‘पुढच्या मांड्या जाड: दांडगा. बारीक: किरटा.’ ते खूश होऊन गेले.

खोटं लिहिलंय मी. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि गंमत अशी की कोणालाही कळणार नाही. या किड्यांकडे बघणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दीड महिन्याने मी घरी, स्लाइड कपाटात, कपाट कुठल्यातरी गोदामात. माझं नाव सुखरूप. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

२४ मार्च

बरण्यांतले नर मोठे झाले. भरपूर खाल्लेल्यांतले बहुतेक दांडगे. कमी खाल्लेले झाडून सगळे किरटे. सख्खे भाऊ.

किरटा ही जातच नाही. पोटभर मिळालं नाही की दांडग्याचा किरटा होतो, एवढंच.

मी बरण्या झाकून ठेवल्या आणि लवकर घरी आले. घरी येऊन तरी काय करायचं होतं, कोण जाणे.

३० मार्च, रविवार

दोन नावं आणि किडा एक, असं निघालं की जुनं नाव टिकतं, नंतरचं खाली जातं. पण ही दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापलेली. आज नियमांचं पुस्तक काढून नीट वाचलं. पान आधीचं का नंतरचं, याला किंमत नाही. अशा वेळी जो माणूस पहिल्यांदा ‘हे दोन्ही एकच’ असं छापून सांगेल, तोच निवडतो कुठलं नाव ठेवायचं ते. त्याने एकदा निवडलं की सगळ्या जगाने ते मानायचं.

म्हणजे मी.

म्हणजे माझं नाव मी ठेवू शकते. कायदेशीर, राजरोस. वहिनींचं खाली जाईल. पैलवान, बायका-पोरं, फांदी, सगळं खटलं माझ्या नावावर. जीव भांड्यात पडला अगदी. आज कितीतरी दिवसांनी दोन वेळा नीट जेवले.

सरांनी तेव्हा माझं नाव द्यायचं मनापासून ठरवलं होतंच. मग ते टिकावं असंच त्यांना वाटेल. जाऊन सांगितलं पाहिजे, एवढंच. परवानगी नाही, फक्त कानावर घालायचं.

६ एप्रिल, रविवार

गेले होते. आधी घडलं तसं लिहिते.

वहिनींनी दार उघडलं. खूप वाळल्यात, पण आवाज खणखणीत. सर खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मग वहिनींकडे वळून म्हणाले, ‘बाई, माझ्या घरची माणसं कधी येणार?’ वहिनी म्हणाल्या, ‘येतील हं.’ सवयीने, जणू काही झालंच नाही.

स्वयंपाकघरात चहा करताना मी त्यांना सगळं सांगितलं. दांडगा, किरटा, बरण्या, नियम. वाटलं होतं त्यांना काही कळणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तो तुमच्या नावाचा ना? आठवतोय मला. मीच सांगितलं होतं ह्यांना.’

मी विचारलं, काय सांगितलं होतं?

‘तुम्ही चार दिवस कामावर गेला नव्हतात. मी ह्यांना म्हटलं, ती मुलगी घरी रडत बसली असेल. सगळी चित्रं तिची आणि वर नाव फक्त तुमचं? हे म्हणाले, लेखात सहायकाचं नाव घालत नाहीत. मग म्हटलं, एखाद्या किड्याला तरी द्या. हे म्हणाले, नाव द्यायला किडाच शिल्लक नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यातलेच दोन बारके वेगळे काढून पान टाइप करून आणलं.’ त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. ‘मला बरं वाटलं होतं तेव्हा.’

ताप नव्हता मला. आज चहा पिताना आठवलं. चार दिवस मी रडत होते, आणि नंतर कधीतरी त्याचा ताप झाला.

निघताना वहिनी म्हणाल्या, ‘तुमचंच ठेवा नाव. मला काय करायचंय किडा घेऊन? ह्यांच्या तोंडात माझं नाव आलं त्याला दीड वर्ष झालं.’ हे त्या हसून म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

१० एप्रिल

रजेवर आहे. राग येतोय. सरांचा येतोय, की रडक्या पोरीच्या हातावर काहीतरी ठेवावं तसं त्यांनी ते पान ठेवलं. तेही माझ्याच ट्रेमधलं उचलून. वहिनींचा येतोय, की त्या चांगल्या आहेत. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. आणि माझा. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाच्या पाठीवरून मी काय काय वाचलं! मिशीवरचा शंकू मला दिसतो, हे दिसलं नाही. लाज वाटते. इतकी की घरात कोणी नसताना तोंड लपवावंसं वाटतं.

ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. स्थळांचंही. ती म्हणाली, ‘बारके, मला सांगायचंस ना गं.’ विनोद केला नाही. मग मला खूप रडू आलं.

१४ एप्रिल

आज लेख लिहायला बसले. आधी माझं नाव ठेवून लिहिला. वाचून बघितला. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. दुपारभर तो कागद समोर ठेवून बसले.

नियमांत सल्ला दिलाय की जास्त वापरात असलेलं नाव ठेवावं. वहिनींचं चौदा लेखांत आलंय, माझं त्या एकाच. हे कारण मी लेखात देणार आहे, आणि ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळं आहे. ती बाई रोज सकाळी त्या माणसाची दाढी करते आणि तो तिला विचारतो, माझ्या घरची माणसं कधी येणार. त्याने तिला दिलेलं नाव कुठेतरी शाबूत राहायला हवं, त्याला आठवो न आठवो. माझं नाव त्याने दिलंच नव्हतं. जे दिलंच नव्हतं ते मी कशाला धरून ठेवू?

त्रास झाला. लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. माझं नाव पुसलं जात नाही तसं. यापुढे प्रत्येक यादीत ते वहिनींच्या नावाखाली बारीक अक्षरात येईल, ‘बाद’ म्हणून. चौदावी पायरी तक्त्यातून काढून टाकली. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे आकडे बदलावे लागले.

सगळ्यात शेवटी वर लेखकाचं नाव घातलं. एकच. तिथे कसं लिहितात ते मला कधी लिहावं लागलं नव्हतं, म्हणून आडनाव आधी की नंतर, यावर दहा मिनिटं घालवली.

२० एप्रिल, रविवार

लेख गुरुवारी पाठवला. आज वहिनींना फोन केला आणि सांगितलं, तुमचं ठेवलंय. त्या रागावल्या. म्हणाल्या, काय वेडेपणा हा. मग म्हणाल्या, ‘वाचून दाखवाल का? ह्यांनाही ऐकू दे.’ फोन सरांच्या कानाजवळ धरला असावा, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी ते वाक्य वाचलं: ‘या दोन नावांपैकी पहिलं मी कायम ठेवत आहे.’ आणि मग ते नाव.

‘हे कोणाचं नाव?’ सरांनी विचारलं.

‘माझं,’ वहिनी म्हणाल्या.

सर म्हणाले, चांगलं आहे. मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात सरांचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, कामातला. ‘आणि हे काम कोणी केलंय?’

वहिनींनी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश. सरांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

‘हिला आपल्याकडे घ्यायला हवं,’ ते म्हणाले.

दहा दिवसांनी मी निवृत्त होतेय. म्हटलं, ‘येते, सर.’